‘आली असती’ या रूपातून फ्रेंचकडे

घडू शकले असते पण घडले नाही, अशी गोष्ट सांगायला फ्रेंचमध्ये एक खास क्रियारूप आहे. त्याचे नाव ‘कोंदिसियोनेल पासे’. ‘गाडी वेळेवर आली असती तर मी अंधार पडायच्या आत शेलूला उतरले असते’ या वाक्यातले (शेलू हे कर्जत लाइनवरचे स्टेशन) ‘उतरले असते’ म्हणजे फ्रेंचमधले ‘ज सरे देसांद्यू’. फ्रेंच शिकण्याची बी-वन ही मधली पातळी संपत आली की हे रूप समोर येते आणि पुढच्या बी-टूच्या परीक्षेत त्याच्याशिवाय पान हलत नाही. आपल्याकडे ते बहुधा इंग्रजीतल्या ‘वुड हॅव’ला टेकवून शिकवतात आणि शिकणारेही ते तसेच पाठ करतात. मराठी बोलणाऱ्याने हा वळसा घेण्याचे कारण नाही, असे माझे ठाम मत आहे. आपल्या ‘आली असती’, ‘घेतलं असतं’ या रूपांत फ्रेंचला लागणारे बरेचसे सामान आधीच आहे, आणि त्यातले निम्मे इंग्रजीत सापडतच नाही. तीन-चार ठिकाणी मराठी दगाही देते. ती ठिकाणे आधी ठाऊक असली की हा रस्ता इंग्रजीच्या रस्त्यापेक्षा जवळचा पडतो.

उच्चाराबद्दल एक सूचना सुरुवातीलाच देतो. इथे फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिले आहेत, त्यामुळे ते कानाला जसे ऐकू येतात तसे दिसतील, पानावर जसे लिहितात तसे नाही. ‘ज’ हा ‘टेलिव्हिजन’मधल्या ज-सारखा म्हणायचा. ‘त्रँ’सारख्या शब्दांतला अनुनासिक नाकातूनच सोडायचा, त्याचा ‘न’ करायचा नाही. जिथे लिहिण्यात आणि उच्चारात फरक पडतो तिथे अक्षरे वेगळी सांगितली आहेत.

रूप कसे बनते ते पाहू. मराठीत दोन भाग असतात: ‘उतरली’ हे भूतकाळी रूप आणि त्यामागून ‘असती’. फ्रेंचमध्येही दोनच भाग, फक्त क्रम उलटा. सहायक क्रियापद आधी येते, मुख्य क्रियापदाचे भूतकाळी धातुसाधित नंतर. सहायक क्रियापदे दोन आहेत, ‘आव्हवार’ आणि ‘एत्र’. आव्हवारची रूपे अशी: जोरे, त्यू ओरे, इल ओरे, नू झोरियों, व्हू झोरिये, इल झोरे. एत्रची अशी: ज सरे, त्यू सरे, इल सरे, नू सरियों, व्हू सरिये, इल सरे. सहापैकी चार जागी कानाला एकच ‘ओरे’ किंवा ‘सरे’ पडते. लिहिताना मात्र शेवट वेगवेगळे होतात. ‘मी’ आणि ‘तू’साठी ए-आय-एस, ‘तो’ आणि ‘ती’साठी ए-आय-टी, ‘आम्ही’साठी आय-ओ-एन-एस, ‘तुम्ही’साठी आय-ई-झेड, अनेकवचनी ‘ते’ आणि ‘त्या’साठी ए-आय-ई-एन-टी. हे शेवट नवे नाहीत. अँपार्फे या अपूर्ण भूतकाळाचे शेवट भविष्यकाळाच्या अंगाला लावले की ही रूपे मिळतात. लॅटिनमधून फ्रेंच घडताना मूळ क्रियापदामागे ‘जवळ असणे’ याचा भूतकाळ जोडून हे रूप तयार झाले, म्हणून त्यात भविष्य आणि भूत एकत्र दिसतात. ‘कालच्या दिवशी उभे राहून पाहिलेले पुढचे’ असा त्याचा मूळ अर्थ आहे, आणि न घडलेल्या गोष्टीला तो चपखल बसतो.

आता खरा प्रश्न, आव्हवार घ्यायचे की एत्र. इंग्रजीवरून येणारा इथे चाचपडतो, कारण त्याला सगळीकडे ‘हॅव’च दिसते. शाळेत शिकलेला प्रयोगविचार अशा वेळी उपयोगी पडतो. ‘ती उतरली असती’ हा कर्तरी प्रयोग, क्रियापद कर्त्याच्या मागे चालते. ‘तिने बॅग उतरवली असती’ हा कर्मणी, क्रियापद कर्माच्या मागे चालते आणि कर्त्याला ‘ने’ लागतो. फ्रेंचमध्ये या दोन वाक्यांना एकच क्रियापद आहे, ‘देसांद्र’, पण सहायक बदलते: ‘एल सरे देसांद्यू आ शेलू’ आणि ‘एल ओरे देसांद्यू ला व्हालीझ’. पहिल्यात एत्र, दुसऱ्यात आव्हवार. चढणे आणि चढवणे, बाहेर पडणे आणि बाहेर काढणे, आत शिरणे आणि आत आणणे या जोड्यांचेही असेच. मराठीने जिथे दोन धातू केले तिथे फ्रेंचने दोन सहायक ठेवले, आणि मराठी कान हा फरक न शिकवता ओळखतो. म्हणून वाक्य आधी ‘ती’ धरून मराठीत म्हणावे. ‘मी’ किंवा ‘तू’ धरले तर ‘ने’ दिसत नाही. ‘तिने’ आले की आव्हवार घ्यावे, जवळपास नेहमी बरोबर येते.

‘जवळपास’ म्हटले, कारण अपवाद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ‘तिने आंघोळ केली असती’ यात ‘ने’ आहे, पण फ्रेंचमध्ये हे स्वतःवर वळणारे क्रियापद होते, आणि अशा सगळ्या क्रियापदांना एत्र लागते: ‘एल स सरे लाव्हे’. उलट बाजूने पाहिले तर ‘ने’ नाही म्हणजे एत्रच, असेही नाही. ‘ती झोपली असती’, ‘ती धावली असती’, ‘ती विसरली असती’, ‘ती शिकली असती’ यांत ‘ने’ नाही, तरी फ्रेंच आव्हवार घेते: ‘एल ओरे दोर्मी’, ‘एल ओरे कूर्यू’. एत्र घेणारी क्रियापदे मोजकीच आहेत. जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, आत शिरणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, परतणे, थांबून राहणे, पडणे, जन्मणे, मरणे, होणे अशी जागेवरून हलण्याची, जागीच राहण्याची किंवा अवस्था बदलण्याची ती आहेत. स्टेशनवर जे जे घडते ते बहुतेक या यादीत बसते, म्हणून रोज लोकलने जाणाऱ्याला ती पाठ करायला सोपी जाते. यातल्या ‘जाणे’चे धातुसाधित कानाला ‘आले’ असे ऐकू येते, म्हणून ‘ज सरे आले’ म्हणजे ‘मी गेले असते’. सुरुवातीला हे हमखास उलटे होते, तेव्हा लक्ष ठेवा.

यापुढचा भाग सर्वांत मोलाचा आहे. सहायक एत्र असेल तर धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते: तो मेला असता ‘इल सरे मोर’, ती मेली असती ‘एल सरे मोर्त’. मराठीला यात नवे काहीच नाही. सहायक आव्हवार असेल तर धातुसाधित कर्त्याकडे ढुंकूनही बघत नाही, ते कर्माकडे बघते, आणि तेही कर्म आधी आले असेल तरच. ‘मी चिठ्ठी लिहिली असती’ याचे ‘जोरे एक्री ला लेत्र’ होते. इथे चिठ्ठी नंतर आली, म्हणून बदल नाही. पण ‘मी जी चिठ्ठी लिहिली असती’ याचे ‘ला लेत्र क जोरे एक्रीत’ होते. चिठ्ठी आधी आली, म्हणून ‘एक्री’चे ‘एक्रीत’ झाले. क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे का जाते, हे इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांना पानेच्या पाने समजावून सांगावे लागते. मराठी बोलणाऱ्याचे अख्खे आयुष्य ‘मी चहा घेतला, मी भाकरी खाल्ली, मी पाणी प्यायलं’ असे कर्माच्या मागे जाण्यातच गेलेले असते. दोन्हीकडे कारणही सारखेच आहे. संस्कृतात ‘मया पत्रं लिखितम्’ म्हणजे ‘माझ्याकडून पत्र लिहिले गेले’, त्यातले ‘लिखित’ पत्राचे विशेषण, आणि आपले ‘लिहिलं’ हे त्याच परंपरेतून आले. लॅटिनमध्ये ‘माझ्यापाशी लिहिलेली पत्रे आहेत’ असे म्हणत, त्यातले ‘लिहिलेली’ही पत्रांचेच विशेषण, आणि फ्रेंचचे आव्हवार तिथून आले. मराठीत कर्माशी जुळणे सगळीकडे टिकले, फ्रेंचमध्ये कर्म आधी आले तेवढ्यापुरतेच उरले.

लिंग मात्र फ्रेंच शब्दाचेच पाहावे लागते. आपली गाडी स्त्रीलिंगी, फ्रेंचचे ‘त्रँ’ पुल्लिंगी. आपला रस्ता पुल्लिंगी, फ्रेंचची ‘रूत’ स्त्रीलिंगी. म्हणून ‘जी गाडी मी पकडली असती’ याचे ‘ल त्रँ क जोरे प्री’ आणि ‘जो रस्ता मी धरला असता’ याचे ‘ला रूत क जोरे प्रीझ’. दोन्हीकडे मराठीच्या बरोबर उलटे. ही दोन वाक्ये पाठच करून ठेवावीत. नियम मराठीचा, लिंग फ्रेंचचे, हे त्यांतून कायमचे लक्षात राहते.

तिसरा, भावे प्रयोग मात्र फसवतो. ‘मी तिला समजून घेतलं असतं’ यात कर्माला ‘ला’ लागला की मराठी क्रियापद नपुंसकलिंगी होऊन गप्प बसते. फ्रेंचमध्ये कर्म ‘ती’ आहे आणि सर्वनाम म्हणून आधी आले आहे, म्हणून जुळणी करावीच लागते: ‘ज लोरे कोंप्रीझ’, ‘कोंप्री’ नव्हे. मराठी ‘घेतलं’ ऐकून हात आखडला की गुण गेलाच. त्यात आपला ‘ला’ दोन कामे करतो. ‘तिला पाहिलं असतं’ यातला ‘ला’ थेट कर्माचा, ‘तिला सांगितलं असतं’ यातला ज्याला सांगायचे त्याचा. फ्रेंचमध्ये दुसऱ्या ठिकाणी ‘ल्वी’ येते, ‘ज ल्वी ओरे दी’, आणि तिथे काहीच जुळवायचे नसते. हा भेद मराठीतून मिळत नाही. क्रियापद शिकतानाच ते थेट कर्म घेते की नाही हे टिपून ठेवणे एवढाच त्यावर उपाय.

लेखनातली एक चूक मात्र मराठी मुळातूनच काढून टाकते. ‘जोरे फिनी’ असे ऐकू आले तर ‘ओरे’च्या शेवटी एस लिहायचा की नाही? एस नसेल तर ते भविष्यातले पूर्ण झालेले काम, एस असेल तर न झालेले काम. उच्चारातला फरक इतका बारीक आहे की फ्रान्समधली मुलेही इथे चुकतात. मराठीत ‘मी संपवलेलं असेन’ आणि ‘मी संपवलं असतं’ यांची गल्लत कुणाचीच होत नाही. मनात ‘असेन’ आले तर एस नाही, ‘असतं’ आले तर एस. श्रुतलेखनात याहून भरवशाची खूण मला माहीत नाही.

आता जर-तरकडे येऊ. इथे मराठी पहिला मोठा दगा देते. मराठीत ‘असती’ दोन्हीकडे येते: आली असती तर उतरले असते. फ्रेंचमध्ये ‘सी’ म्हणजे ‘जर’ असलेल्या भागात हे रूप चालत नाही. तिथे प्ल्यूस-के-पार्फे, म्हणजे ‘आलेली होती’ असा साधा दूरचा भूतकाळ लागतो: ‘सी ल त्रँ एते आरिव्हे आ लर, ज सरे देसांद्यू आव्हां ला न्वी’. सी नंतर ‘सरे आरिव्हे’ आले की फ्रेंच शिक्षक तांबडी रेघ मारणारच. ‘सीला रे सोसत नाही’ अशा अर्थाचे वाक्य फ्रेंच मुलांना शाळेत घोकायला लावतात, ते या चुकीसाठीच. हा भाग इंग्रजीवरून जाणाऱ्याला सोपा पडतो, कारण इंग्रजीतही ‘इफ’मागे ‘हॅड’ येते. इंग्रजीचे हे श्रेय मान्य करायलाच हवे. मराठीवाल्याने पहिल्या भागातले ‘असती’ काढून ‘होती’ ठेवावे आणि दुसऱ्या भागाला हात लावू नये.

याचा सराव करायला शेलूच्या शेजारचीच एक घटना घेऊ. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर चढले होते. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि हवाई दलाच्या मदतीने सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. कर्जत लाइनवरच्या प्रत्येक घरात त्या दिवसाबद्दल ‘असतं-नसतं’ची वाक्ये बोलली गेली असतील. त्यातलेच एक घ्या: ‘गाडी कल्याणला थांबवली असती तर प्रवासी अडकले नसते’. फ्रेंचमध्ये: ‘सी ओं नाव्हे आरेते ल त्रँ आ कल्याण, ले पासाजे नोरे पा एते ब्लोके’. आपले ‘नसते’ फुटून ‘न’ आणि ‘पा’ झाले आणि ते फक्त सहायकाच्या दोन बाजूंना बसले. धातुसाधित त्यांच्या बाहेर राहिले. इथे नवशिक्याची हमखास चूक म्हणजे ‘पा’ अगदी शेवटी टाकणे. मराठी ‘नसते’ शेवटी येते, त्याची ही सवय.

दोन भागांचा काळ सारखा असलाच पाहिजे असेही नाही. ‘आदमजी पीरभॉय घराण्याने १९०७ मध्ये नेरळ–माथेरान रेल्वे सुरू केली नसती तर आजचे माथेरान वेगळे असते’ या वाक्याचा दुसरा भाग आजचा आहे, म्हणून तिथे नुसते ‘असते’ आहे, ‘झाले असते’ नाही. फ्रेंचही तेच करते: सीच्या भागात ‘नाव्हे पा कोंस्त्र्वी’ आणि दुसऱ्या भागात नुसते ‘माथेरान सरे दिफेरां’. मराठी वाक्यात ‘असते’च्या आधी भूतकाळी रूप आहे की नाही एवढे पाहिले की कोंदिसियोनेलचा आजचा प्रकार घ्यायचा की कालचा, हे आपोआप ठरते.

सीबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पाठ्यपुस्तकांत त्या एका ओळीत उरकतात, मराठीवाल्याला मात्र त्या हाताशी लागतात. एक, फ्रेंच ‘सी’ हे नेहमी ‘जर’ नसते, कधी ते ‘की नाही’ असते. ‘तो आला असता की नाही, माहीत नाही’ यात अट नाही, शंका आहे, म्हणून इथे सी नंतर हे रूप बिनधास्त चालते: ‘ज न से पा सील सरे व्हन्यू’. मराठीत ‘तर’ येते की ‘की नाही’ येते हे पाहावे. ‘तर’ आले तर मनाई, ‘की नाही’ आले तर मुभा. दुसरी, बोली फ्रेंचमध्ये सी गाळून दोन्ही भागांत कोंदिसियोनेल ठेवायची पद्धत आहे: ‘त्यू म लोरे दी, ज सरे व्हन्यू’. मराठीत शब्दाला शब्द: ‘तू सांगितलं असतंस, मी आले असते’. पॅरिसच्या घरात आणि शेलूच्या घरात तक्रार अगदी एका साच्यात निघते. परीक्षेच्या निबंधात हे लिहू नये, पण सिनेमात किंवा गप्पांत ऐकले तर ती चूक समजू नये.

दुसरा दगा ‘हवं होतं’चा. ‘तू यायला हवं होतंस’ यात ‘असतं’ कुठेच नाही, म्हणून शिकणारा साध्या भूतकाळात जातो आणि ‘त्यू दव्हे व्हनीर’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘तू येणार होतास’, ‘तुझं यायचं ठरलं होतं’ असा होतो. दोष किंवा खंत सांगायची असेल तर ‘त्यू ओरे द्यू व्हनीर’ म्हणावे लागते. ‘करता आलं असतं’ला ‘जोरे प्यू’ आणि ‘आवडलं असतं’ला ‘जोरे एमे’, हे मात्र सरळ जमते, कारण तिथे मराठीतही ‘असतं’ आहे. कर्तव्य चुकल्याचे बोलायचे असेल तेव्हा ‘हवं होतं’ऐवजी मनात ‘ओरे द्यू’ आणायची सवय लावून घ्यावी. तिकीट खिडकीवर किंवा दुकानात नम्रपणे विचारायचे तर ‘जोरे व्हूल्यू’ वापरतात. ‘मला जरा माहिती हवी होती’ असे म्हणून आपणही भूतकाळाने आवाज मऊ करतो, त्यामुळे ते कानाला परके वाटत नाही.

तिसरा दगा सगळ्यात धोक्याचा, कारण त्यात अर्थ थेट उलटा होतो. फ्रेंच वर्तमानपत्रे आणि रेडिओ खात्री न झालेली बातमी याच रूपात देतात. ‘मील पासाजे ओरे एते ब्लोके’ असा मथळा वाचून मराठी वाचक मनात ‘हजार प्रवासी अडकले असते’ म्हणेल, म्हणजे अडकले नाहीत. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘हजार प्रवासी अडकल्याचे समजते’ असा आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या दिवशी सुरुवातीच्या बातम्यांत प्रवाशांचे वेगवेगळे आकडे येत होते. पक्का आकडा नंतर कळला. अशा वेळी फ्रेंच वार्ताहर हेच रूप वापरतो, आणि मराठी वार्ताहर ‘समजते’, ‘अशी माहिती आहे’ असे लिहितो. मराठी ‘असतं’ हे काम मुळीच करत नाही. वाक्याच्या आसपास जर-तर आहे का, हे पाहावे. नसेल, आणि ‘सलों’ किंवा ‘दाप्रे’ म्हणजे ‘अमुकच्या सांगण्यानुसार’ असे शब्द जवळ असतील, तर ‘समजते’ म्हणून वाचावे. ‘अडकले असावेत’ हा आपला तर्क असतो. त्याला फ्रेंचमध्ये ‘द्यू’ घालून वेगळे वाक्य करतात, म्हणून त्याची इथे सरमिसळ करू नये.

या सगळ्यावर पहिला आक्षेप शिक्षकांकडून येतो: फ्रेंच फ्रेंचमधूनच शिकावे, मध्ये मातृभाषा आली की बोलणे अडखळते. उद्देश म्हणून हे बरोबर आहे. पण या पातळीवरचा विद्यार्थी डोक्यात भाषांतर करतोच, फरक इतकाच की तो ते इंग्रजीतून करतो. पूल घ्यायचाच आहे तर ज्यात लिंग, कर्माशी जुळणी आणि ‘असेन-असते’चा भेद टिकतो तो घ्यावा. इंग्रजीच्या पुलावर यातल्या पहिल्या दोन गोष्टी गळून पडतात. मराठी आणि फ्रेंच यांच्यात इंग्रजीशिवायची ये-जा जुनीही आहे. मराठीच्या घडणीचा शास्त्रशुद्ध इतिहास ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने फ्रेंचमध्ये लिहिला, तो पॅरिसला १९२० मध्ये पुस्तकरूपाने निघाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये ‘मराठी भाषेचा विकास’ म्हणून मराठीत आणला. गी दल्यूरी या फ्रेंच अभ्यासकाने तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, ते १९५६ मध्ये छापले गेले.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. नेरळ-शेलूकडच्या नव्या वसाहतींतली बरीच मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. कर्तरी, कर्मणी, संकेतार्थ हे शब्द त्यांना फ्रेंचइतकेच परके. पण इथे नावांची गरज नाही. ‘तिने’ की ‘ती’, ‘घेतली’ की ‘घेतलं’, ‘असेन’ की ‘असते’ एवढेच कानाने ओळखायचे आहे, आणि हे तर घरात मराठी ऐकलेल्या मुलाला शाळेत जायच्या आधीपासून येते. घरी मराठी बोललीच जात नसेल तर मात्र ही पद्धत त्याच्या उपयोगाची नाही, त्याने ती ओढूनताणून वापरू नये.

सराव कसा करायचा ते सांगतो. शेलूहून मुंबईतल्या वर्गाला, मग तो कालिन्याच्या विद्यापीठातला असो की आलियान्स फ्रांसेझचा, जायचे तर एका बाजूला दीड-दोन तास लोकलमध्ये जातात. त्यातला पाव तास या रूपाला पुरेसा आहे. काल न घडलेल्या एखाद्या गोष्टीचे वाक्य घ्यावे, कर्ता ‘ती’ ठेवावा. पुल्लिंगात सगळ्या जुळण्या झाकल्या जातात, स्त्रीलिंगात उघड्या पडतात, म्हणून स्त्रीलिंगानेच सराव करायचा. आधी ‘तिने’ की ‘ती’ पाहून सहायक ठरवायचे, मग कर्म आधी आहे की नंतर ते बघायचे, मग पहिल्या भागातले ‘असती’ ‘होती’ करायचे, आणि वाक्य वहीत लिहून मोठ्याने म्हणायचे. बहुतेक धातुसाधितांत जुळणी नुसती लिहिण्यात असते, ऐकू येत नाही. म्हणून कानाच्या सरावाला प्री-प्रीझ, मी-मीझ, एक्री-एक्रीत, फे-फेत, उव्हेर-उव्हेर्त या जोड्या निवडाव्यात. परतीच्या गाडीत आर-एफ-आय रेडिओच्या ‘जुर्नाल आं फ्रांसे फासील’ या सोप्या फ्रेंचमधल्या, दहा मिनिटांच्या बातम्या ऐकाव्यात. प्रत्येक ‘ओरे’ आणि ‘सरे’ कानावर पडले की तिथल्या तिथे ठरवायचे, हे ‘असतं’चे की ‘समजते’चे. सुरुवातीला बातमी पुढे निघून जाते आणि आपण मागे राहतो. तेव्हा तोच भाग पुन्हा लावायचा. दुसऱ्यांदा ऐकताना ‘सलों’ आधी ऐकू येतो आणि पुढचे रूप कोणत्या अर्थाचे येणार हे आधीच कळते.